शेवटची ओळ

"वाचा बाबा, सगळ्यात खालची ओळ."

आबांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि ती ओळ धडाधड म्हणून दाखवली. एक अक्षर चुकलं नाही. शिबिरातला तरुण डॉक्टर खूश व्हायच्या ऐवजी जरा थांबला. त्याने तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. "आता वाचा." आबा तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि म्हणाले, "याच्या खाली काई लिवलंच नाही."

रांगेत पाऊण तास बसून, पुढच्या लोकांचं ऐकून आबांनी अख्खा तक्ता पाठ केला होता! सगळे हसले. मीही हसले, पण अर्धवट. कारण सुट्टीत दुसरबीडला येताना माझ्या बॅगेत लॅपटॉप होता, त्यात प्रोजेक्टचा रिपोर्ट होता, आणि त्याच्या पहिल्याच पानावर मीसुद्धा न दिसलेली ओळ वाचून मोकळी झाले होते.

त्याचं असं झालं. दोन महिने एका प्रयोगशाळेत मी अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या लायसोझाइम या प्रोटीनचे स्फटिक केले. स्फटिकावर एक्स-रे सोडले की डिटेक्टरवर ठिपके उमटतात. मधले ठिपके रेणूचा ढोबळ आकार सांगतात, कडेचे बारकावे. किती बारीक अंतरापर्यंतचे ठिपके हाती लागले, ते म्हणजे रिझोल्यूशन. (शब्दकोशात 'विभेदनक्षमता' आहे. पण कॉन्व्हेंटवालीने तो शब्द वापरला तर मेसमध्ये जेवण मिळणार नाही.) ते अँगस्ट्रॉममध्ये मोजतात, म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. आपल्या एन्ट्रन्सच्या रँकसारखंच, आकडा जितका लहान तितका भाव जास्त. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ साली मायोग्लोबिन ६ अँगस्ट्रॉमला पाहिलं, तेव्हा ते वेड्यावाकड्या वळकटीसारखं दिसलं. १९६० मध्ये २ अँगस्ट्रॉमला पोचल्यावर कुठे साखळीतले घटक ओळखू येऊ लागले. लायसोझाइमची रचना डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने १९६५ मध्ये २ अँगस्ट्रॉमला सोडवली. आणि माझ्या रिपोर्टवर काय होतं? १.८!

गोची अशी आहे की ठिपके एका रेषेवर येऊन संपत नाहीत. कडेकडे फिके फिके होत जातात. आणि सॉफ्टवेअर भलतं आज्ञाधारक असतं. '१.८ पर्यंत मोज' म्हटलं की ते कोऱ्या जागेवरसुद्धा आकडे मोजून देतं. माझ्या शेवटच्या थरात सिग्नल हा त्यातल्या चुकीच्या अंदाजापेक्षाही लहान होता, ०.६ पट. निम्मे ठिपके मोजलेच गेले नव्हते. मी ते टेबल परिशिष्टात, शेवटच्या पानावर टाकलं. तिथे कोण बघतं?

संध्याकाळी ओट्यावर बसून आबांना हे सगळं सांगितलं. गावचा सहकारी साखर कारखाना चालू होता तेव्हा आबा तिथे पॅनवर होते. पॅनमध्ये पाक शिजताना मधूनमधून नमुना काढायचा, काचेवर पसरायचा आणि दिव्यापुढे धरून दाणा बघायचा. स्फटिक म्हणजे काय, हे आबांना माझ्या आधी चाळीस वर्षं माहीत होतं. ते म्हणाले, "पाक लई घट्ट झाला की मधातच बारीक चुरा धरते. त्याले आमी फॉल्स ग्रेन म्हनो. नवीन पोऱ्याले वाटे, वा, दाने वाढले. तुयं तसंच झालं का वं माय?"

तसंच झालं होतं.

रात्री टेबल पुन्हा उघडलं. तक्त्याचा विचार डोक्यात होताच. एकच ओळ दोनदा वाचायला लावली आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, तर माणसाला काहीतरी दिसतंय. क्रिस्टलोग्राफीत याला सीसी-हाफ म्हणतात: मोजमापांचे दोन गट पाडायचे आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते बघायचं. ही कसोटी कार्प्लस आणि डिडेरिक्स यांनी २०१२ मध्ये मांडली. पण पाठ केलेला माणूस दोनदाही तेच सांगेल! त्याच्यासाठी तक्ता उलटा करावा लागतो. तो १९९२ पासून आहे, ब्रुंगर यांचा आर-फ्री. सुमारे ५ टक्के ठिपके बाजूला लपवून ठेवायचे, बाकीच्यांवरून मॉडेल बसवायचं, आणि मग न पाहिलेले ठिपके त्याला ओळखता येतात का ते तपासायचं.

१.८ च्या थरात सीसी-हाफ ०.१ आला. म्हणजे कोरा कागद. आता मी घाबरून २.० वर जाणार होते, कारण सिग्नल दुप्पट असेल तिथेच थांबायचं हा जुना नियम. पण मधल्या, २.० ते १.९ च्या थरात तो ०.४५ होता. फिकं होतं, पण खोटं नव्हतं. तो थर घेऊन आणि न घेता, दोनदा मॉडेल बसवलं आणि २.० पर्यंतचाच आर-फ्री दोन्हीकडे ताडून पाहिला. थर घेतल्यावर तो कमी झाला. त्याच्या पुढचा थर घेऊन काहीच फरक पडला नाही. पहाटे तीनला १.९ लिहिलं आणि टेबल दुसऱ्या पानावर आणलं.

एवढ्याशा ०.१ ने काय बिघडतं, असं रूममेटने विचारलं. लायसोझाइममध्ये काही नाही, ते जगाला पाठ आहे. पण पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेज घ्या. पेनिसिलिनचा रेणू कापणारं हे एन्झाइम नवी अँटिबायोटिक्स बनवायला उपयोगी पडतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले संशोधक सहभागी असलेल्या कामातून त्याची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि कात्री चालवणारा घटक साखळीच्या अगदी टोकाचा सिस्टीन आहे हे दिसलं. तिथे कोणी पाठ केलेलं वाचलं असतं तर?

व्हायव्हात सरांनी दुसरंच पान उघडलं. "१.९ का? २.० का नाही?" वीस मिनिटं त्यावरच गेली. मार्क बरे पडले.

आबांना ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, दिवाळीनंतरची. तोवर पेपर आला की मथळे ते मोठ्याने वाचतात आणि पान माझ्याकडे सरकवतात. "हे मले दिसते. खालचं तू वाच."