कानांनीं पाहिलेलें डब्लिन

आयर्लंडची राजधानी डब्लिन ही लिफी नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. पूर्वेस समुद्र, दक्षिणेस विकलोचे डोंगर आणि उपसागराच्या उत्तर टोकास हाउथची टेकडी, अशी तिची सीमा. येथला पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाहीं. तो नुसता रेंगाळतो. जून महिन्यांत रात्रीं दहाच्या सुमारासही उजेड असतो, तेव्हां सायंसंध्येची वेळ कोणती धरावी हा आमच्यासारख्यास मोठाच प्रश्न पडतो.

परंतु वाङ्मयाच्या जगांत या शहराची ख्याति एका दिवसाची आहे. तो दिवस म्हणजे १६ जून १९०४. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची ‘युलिसीस’ ही कादंबरी २ फेब्रुवारी १९२२ रोजीं, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशीं, पॅरिस येथें प्रसिद्ध झाली. तिचीं प्रकरणें अठरा. होमराच्या वीराची दहा वर्षांची भ्रमंती लेखकानें येथें एका दिवसाच्या पायपिटींत आणली आहे. लिओपोल्ड ब्लूम हा जाहिराती मिळविणारा साधा गृहस्थ, त्याची गायिका पत्नी मॉली आणि स्टीफन डेडलस हा तरुण शिक्षक, एवढींच तींतील मुख्य पात्रें.

या ग्रंथाची दुर्बोधता त्याच्या कीर्तीइतकीच मोठी आहे. बाणभट्टाचें वाक्य कितीही लांबलें तरी क्रियापद अखेर हातीं लागतें. येथें मनांतला विचार अर्ध्यावर तुटतो. कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता पात्राच्या मनांतला, याची खूण कोठेंच ठेविलेली नाहीं. चिरंजीव नोकरीनिमित्त डब्लिनला असल्यामुळें गेल्या जूनमध्यें आम्हां उभयतांचें तिकडे जाणें झालें. आमच्या सौभाग्यवती पदवीधर, मी मॅट्रिक. घरांत येणारें प्रत्येक पुस्तक चाळीस वर्षें प्रथम त्यांच्या हातीं जात आलें. परंतु काचबिंदूमुळें आतां त्यांस छापील अक्षर दिसत नाहीं. चिरंजीव म्हणाले, “आई, बाबा, हें पुस्तक वाचूं नका, ऐका.”

त्यास आधार होता. जॉइसच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १६ जून १९८२ रोजीं, आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीनें ही संपूर्ण कादंबरी, एक शब्दही न गाळतां, नटनटींच्या मुखांतून प्रक्षेपित केली. सकाळीं आरंभ झाला तो दुसऱ्या दिवशीं दुपारीं संपला. सुमारें तीस तास अखंड! तें ध्वनिमुद्रण आज खिशांतील फोनवरही ऐकतां येतें. ज्या स्थळाचें प्रकरण तें त्या स्थळींच ऐकावयाचें, असा आम्हीं क्रम ठरविला.

प्रथम सँडिकोव्हचा बुरूज. किनाऱ्याकाठच्या आगगाडीनें तेथें जातां येतें. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीनें १८०४ सालीं इंग्रजांनीं जे बुरूज बांधले त्यांपैकीं हा एक. सप्टेंबर १९०४ मध्यें जॉइस येथें कांहीं दिवस राहिला होता. १९६२ पासून येथें त्याचें संग्रहालय आहे. माथ्यावर उभें राहून आम्हीं पहिलें प्रकरण ऐकलें. खालीं खडकांवरून लोक थंडगार पाण्यांत उड्या घेत होते.

दुसरें स्थळ सँडिमाउंटची वाळू. ओहोटीच्या वेळीं ती दृष्टि पोहोंचेल तेथवर उघडी पडते. तिसऱ्या प्रकरणांत स्टीफन या वाळूवरून चालतांना मुद्दाम डोळे मिटून घेतो आणि पायांखालीं फुटणाऱ्या शिंपल्यांचा आवाज ऐकतो. डोळ्यांपुढील वस्तु एकीशेजारीं एक असतात, कानांपुढील एकीमागून एक येतात, असा त्याचा विचार चालतो. हें ऐकतांना मला भर्तृहरीच्या वाक्यपदीयाचें स्मरण झालें. वर्ण क्रमानें येतात आणि नाहींसे होतात, परंतु वाक्याचा अर्थ प्रतिभेंत एकदम आणि अखंड उजळतो, असें तो वैयाकरण सांगतो. तीस तासांच्या या श्रवणांत पुष्कळ शब्द निसटले; तरी प्रकरण संपतां संपतां त्याचा एक अखंड आकार मनांत उभा राही.

एक्लिस मार्गावरील सातव्या क्रमांकाचें ब्लूमचें घर आतां उरलेलें नाहीं. तेथें रुग्णालय आहे. त्या घराचा दरवाजा मात्र जॉइसच्या नांवें चालणाऱ्या केंद्रांत जपून ठेविला आहे. त्याच घरांत, चवथ्या प्रकरणीं, मॉली पतीस एका कठीण ग्रीक शब्दाचा अर्थ विचारते. अर्थ काय, तर आत्म्याचें देहांतर! आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक असलेला पुनर्जन्म त्या दांपत्यास कोशांतला शब्द वाटावा, याचें आम्हांस हसूं आलें. ब्लूमचें मांजर ज्या ज्या रीतींनीं ओरडतें तीं अक्षरें कागदावर चमत्कारिक दिसतात. कानाला मात्र मांजरच ऐकूं येतें. लिंकन प्लेसवरील ज्या औषधालयांत ब्लूम लिंबाच्या वासाचा साबण घेतो तें २००९ सालीं बंद पडलें. पुढें जॉइसप्रेमी मंडळींनीं तें राखलें, आणि तेथें त्याच्या ग्रंथांचें सामुदायिक वाचन होऊं लागलें.

येथें लाभाबरोबर हानिही सांगितली पाहिजे. नट आवाज बदलतो, त्यासरशीं निवेदन कोणतें आणि मनोगत कोणतें हें कळतें. मल्लिनाथानें कालिदासाचा अन्वय लावून द्यावा तसें हें साहाय्य आहे. परंतु जेथें लेखकानें दोन अर्थ जाणून ठेविले, तेथें नटाला एकच पतकरावा लागतो. सातव्या प्रकरणांत मध्यें मध्यें वर्तमानपत्री मथळे आहेत; त्यांची गंमत मूळची डोळ्यांची. टीका वाचून मूळ काव्य संपत नाहीं, तसें हें ऐकून पुस्तक संपत नाहीं.

शेवटचें प्रकरण मॉलीचें स्वगत. त्यांत अवघीं आठ वाक्यें, आणि विरामचिन्हें जवळजवळ नाहींतच. संहितापाठासारखा हा अखंड मजकूर. त्याचा पदपाठ करावयाचा तो नटीच्या श्वासानें. अमेरिकेंत १९३३ पर्यंत या ग्रंथास बंदी होती, आणि हें प्रकरण सर्व कुटुंबानें एकत्र बसून ऐकण्याजोगें नाहीं, हें वाचकांस सांगणें अवश्य आहे. आम्हीं दोघांनीं तें रात्रीं ऐकलें. मी अर्थ लावीत होतों. सौभाग्यवती म्हणाल्या, “यांत अवघड काय आहे? सगळीं निजल्यावर बाईच्या मनांत असेंच चालतें. दिवसभर तिला मध्यें कोणी ना कोणी थांबवितो. आतां थांबविणारें कोणी नाहीं, म्हणून ती थांबत नाहीं.” एवढें मार्मिक भाष्य मला सुचलें नसतें.

ऐकणें हें वाचणें आहे काय, असें कोणी विचारील. होमराचें काव्य प्रथम गाइलें गेलें. आपल्या वेदांचें नांवच श्रुति. स्वतः जॉइस उत्तम गाणारा होता. १९०४ सालीं डब्लिनच्या संगीतस्पर्धेंत त्यास कांस्यपदक मिळालें होतें. पुढें त्याचे डोळे अधू झाले, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. ज्याचें स्वतःचें अक्षर त्यास नीट दिसेना, त्यानें नादावर भिस्त ठेवून लिहावें यांत नवल नाहीं.

ज्या घरांत वडील माणसांची दृष्टि गेली आहे, त्या घरांत पुस्तकांचें कपाट बंद होण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे हल्लीं रात्रीं जेवणें झाल्यावर थोरली नात अर्धा तास मोठ्यानें वाचते. तिचे उच्चार मी सुधारतों, आणि मी फार सुधारूं लागलों कीं सौभाग्यवती म्हणतात, “अहो, पुढें काय झालें तें ऐकूं द्या.”