जुनें पॉलिश

परवां मोटारखान्याची फळी आवरतांना वडिलांच्या वेळचा गाडीच्या पातळ पॉलिशचा डबा आम्हांस सांपडला. वडील जाऊन अकरा वर्षें झालीं. त्यांची निळी फियाट मात्र आम्हीं विकलेली नाहीं. तीस वर्षें तींच टिपणें वर्गांत वाचणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकास जुना माल टाकवत नाहीं, हें ओघानेंच आलें.

पॉलिश म्हणजे मुख्यत्वें मेण, तें पातळ ठेवणारें द्रावण आणि बारीक घासणारी भुकटी. मेण सहसा नासत नाहीं. द्रावण मात्र उडून जातें. हलविल्यावर पॉलिश पुन्हां एकजीव झालें, तर आडबाजूस थोडें लावून पाहावें. खडे धरलेलें असेल तर टाकून द्यावें, कारण तें रंगावर ओरखडे काढतें.

आमचें पॉलिश एकजीव झालें. बोटांस कणही लागला नाहीं. दाराच्या खालच्या कडेस तें चोळलें, तों फडकें निळें झालें!

तेव्हां आम्हांस उमगलें. त्या काळच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक लेप नसे. घासणारें पॉलिश रंगाचाच पातळ थर काढून चमक आणी. वडिलांनीं वीस वर्षें दर रविवारीं गाडी अशीच लखलखीत ठेविली होती, आणि बॉनेटच्या कडांस आतां अस्तर डोकावत होतें. डबा निर्धोक आहे कीं नाहीं, हें आम्हीं पारखून घेतलें. गाडीस तें सोसेल काय, हें विचारावयाचें राहिलें.

आम्हीं डबा फळीवर ठेविला आणि गाडी नुसत्या पाण्यानें धुतली. ती थोडी मंदच दिसली. दिसूं दे.