गुंता, अंगठा आणि बास



बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. ठाण्याच्या वहिनींचा परवा फोन आला होता, "काय गं, अमेरिकेत जाऊन मासे मारायला शिकलीस म्हणे? या वयात?" आमच्या घराण्यात बातमी अशीच पोचते, अर्धवट आणि वर तिखटमीठ लावून. म्हटलं, पंधरा जणांना पंधरा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं.

तर सांगायचं म्हणजे, मी २०२४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत लेकीकडे लेक्सिंग्टनला होते. केंटकी राज्यात. जावई नोव्हेंबर २०२२ मध्ये अचानक गेले हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते मूळचे तिथलेच. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून तळ्यावर जायचे आणि दुपारी रिकाम्या हाताने पण खुशीत परत यायचे. मला तेव्हा ते कोडंच वाटे. मी मालवणकडची. आमच्याकडे गरवायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने आला तर घरात वाटप वाटून बसलेल्या बाईचं तोंड कसं होतं ते मला पाठ आहे!

त्यांचा मासा म्हणजे बास. (हे 'बास' म्हणजे 'पुरे' नव्हे. आमच्या नातवाला हा विनोद अडीच वर्षांचा असल्यापासून येतो. तेवढं मराठी त्याला नक्की येतं.) त्यातला लार्जमाउथ बास, नावाप्रमाणे भल्या मोठ्या तोंडाचा, हा गोड्या पाण्यातला मासा तिकडे राजा समजला जातो. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने बावीस पौंड चार औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा, धरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, आणि तीही झाली जपानच्या बिवा तलावात. केंटकीत तर बास मासेमारी हायस्कूलच्या अधिकृत खेळांत धरली जाते. बास्केटबॉलसारखी शाळाशाळांची स्पर्धा असते.

माझा नातू तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला शाळेच्या संघात जायचं होतं, आणि जायचं होतं ते वडिलांचं रीळ घेऊन. घोडं इथेच अडलं होतं.

आता हे रीळ काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

गळाच्या काठीला लावायची रिळं मुख्यतः दोन जातीची. एका जातीत दोरा गुंडाळलेलं चाक जागच्या जागी उभं असतं आणि दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळ्या-वेटोळ्याने सुटतो. लहान मुलंसुद्धा ते वापरतात. दुसरं बेटकास्टिंग रीळ. ते काठीच्या पाठीवर बसतं, आणि आमिष फेकलं की त्याचं चाक स्वतः गरगर फिरतं. पतंगाची फिरकी डोळ्यांपुढे आणा. पतंगाने ओढ दिली की फिरकी फिरते. पण मध्येच ओढ कमी झाली आणि फिरकी तशीच फिरत राहिली तर काय होतं? मांजा सैल पडून गुंता! अगदी तेच इथे. फेकताना चाक झटक्यात वेग घेतं, तिकडे आमिष हवेत मंदावतं, आणि चाकाला त्याची खबर नसते. चाक दोरा देतच राहतं आणि घ्यायला पुढे कोणी नसतं. तिकडची माणसं त्या गुंत्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. सुगरणीचं म्हणत नाहीत हे नशीब, कारण त्यात कसलीही सुबकता नसते.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? तर बास लपतो पाणगवतात, पडलेल्या झाडांच्या फांद्यांत. आमिष नेमकं त्या फटीत टाकायचं आणि लागलेला मासा तिथून खेचून काढायचा, तर जाड दोरा आणि दणकट रीळ लागतं. शिवाय अंगठा फिरत्या चाकावर टेकवून आमिष हवेतल्या हवेत हव्या त्या जागी थांबवता येतं. सगळी कला त्या अंगठ्यात आहे.

अंगठ्याला मदत म्हणून रिळात दोन लगाम असतात. एक म्हणजे हँडलच्या बाजूची छोटी चकती, ती आवळली की चाकाचा आस दाबला जातो. दुसरा ब्रेक आतल्या बाजूला. काही रिळांत चाकाबरोबर फिरणारे बारीक ठोकळे असतात, वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात. काहींत लोहचुंबक असतात. अॅल्युमिनियमचं चाक चुंबकाला चिकटत नाही, मग तो त्याला अडवतो कसा, हे माझ्या बी.ए. मराठीच्या डोक्यात शिरेना. शेवटी लेकीने समजावलं. चुंबकाजवळून धातू फिरला की त्याच्या आत विजेचे भोवरे उठतात आणि तेच चाकाला मागे ओढतात. स्पर्श न करता लागणारा ब्रेक! मला ही गोष्ट फार आवडली.

जावयांचं रीळ ठोकळ्यांचं होतं. सहा ठोकळ्यांपैकी चार आत ढकलून बंद केलेले, फक्त दोन चालू. चकतीही सैल. तीस वर्षांच्या सरावाच्या अंगठ्याला तेवढं पुरे. लगाम जितका कमी, तितकं आमिष लांब जातं. नातवाच्या हातात मात्र त्याच रिळातून दर फेकीला घरटं निघायचं. मागच्या अंगणात तो बिनगळाचं रबरी वजन फेकायचा आणि मग पायरीवर बसून अर्धा-अर्धा तास गुंता सोडवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ती चकती थोडी आवळून बघ ना." तर रीळ छातीशी धरून म्हणाला, "आजी, नको. डॅडने ठेवलंय ते तसं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. दीड वर्षात त्या गॅरेजमधली एकही वस्तू हललेली नव्हती, हे मला तेव्हा उमगलं.

छत्तीस वर्षं शाळेत काढली, पण "हट्ट सोड" म्हटल्याने हट्ट सुटलेला मी एकदाही पाहिलेला नाही. त्यातून हा हट्ट कुठे होता? वडिलांच्या बोटांनी शेवटची फिरवलेली चकती होती ती. ती फिरवली की ते फिरवणं कायमचं पुसलं जाणार, असं त्याला वाटत होतं. खोटं तरी कसं म्हणावं?

दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी शंभर पानी वही घेऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, आपण आधी मोजून लिहून ठेवू. मग काहीही केलं तरी परत तिथे येता येईल. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानेच बाजूची झडप उघडली, आतल्या सहा ठोकळ्यांचं चित्र वहीत काढलं आणि चालू असलेल्या दोनांवर खुणा केल्या. चकतीला आकडे नसतात, पण फिरवताना टिक टिक होते. पूर्ण आवळेपर्यंत अकरा टिका. त्याने तीन वेळा मोजल्या. पुन्हा अकरा टिका सोडून चकती जागेवर आणली आणि लेकीच्या लाल नेलपॉलिशने चकतीपासून रिळाच्या अंगापर्यंत एक रेघ ओढली. वहीत त्याने इंग्रजीत 'डॅड' लिहिलं, खाली मी मराठीत तारीख घातली.

मग सहाच्या सहा ठोकळे चालू केले. चकती कशी लावायची तेही एक शास्त्र आहे. आमिष काठीच्या टोकाशी लटकवायचं, अंगठ्याखालचा खटका दाबून सोडायचं. आमिष सावकाश खाली आलं पाहिजे, आणि ते जमिनीला टेकताच चाक थांबलं पाहिजे. चाक पुढे फिरत राहिलं तर अजून आवळा. आमिषाचं वजन बदललं की हे सगळं पुन्हा. वारा समोरून असेल तर ब्रेक वाढवा. म्हणजे एकदा लावलं आणि कायमचं झालं, असं त्यात काही नाहीच. ते लावणं त्या दिवसाचं, त्या आमिषाचं आणि त्या हाताचं असतं. जावईसुद्धा दर वेळी फिरवतच असणार ना! हे नातवाला मी सांगितलं नाही. जावयांचे एक मित्र आले होते, बोलता बोलता त्यांच्याच तोंडून ते निघालं, "तुझा बाप एका सकाळी दहा वेळा ती चकती फिरवायचा." नातू चमकून बघत राहिला. मग हसला. बऱ्याच दिवसांनी.

पहिल्या आठवड्यात आमिष वीस पावलांपलीकडे जाईना, पण गुंताही होईना. मग एकेक ठोकळा बंद करत गेलो. मला आमच्या पहिलीच्या वर्गाची आठवण झाली. आधी चाररेघी वही, मग दुरेघी, मग एकरेघी. अक्षर हातात बसत जातं तशा रेघा कमी. पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर कोण लिहायला देतं?

तरी एक अडचण राहिलीच. ते रीळ उजव्या हाताने फिरवायचं. लहानपणापासून दुसऱ्या जातीचं रीळ डाव्या हाताने फिरवायची सवय असलेल्या मुलाला उजव्याने फेकून काठी डाव्या हातात घ्यावी लागे. त्या मित्रांनी स्पष्ट सांगितलं, याला याचं स्वतःचं रीळ घ्या, डाव्या हँडलचं.

पैसे मी दिले. (पेन्शनीचे हो, लेकीचे नव्हेत!) दुकानात भिंतभर रिळं. डब्यांवर बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ती जास्त म्हणजे रीळ चांगलं, असं काही नाही. थोडी पण नेटकी बसवलेली बरी. आम्ही पाहिलं ते एवढंच, की डावं हँडल आहे ना, मुठीत बसतं ना, ब्रेक बाहेरून फिरवता येतो ना. शिकणाऱ्याला दर वेळी झडप उघडायला लावणं मला पटत नाही. म्हणून शून्य ते दहा आकड्यांचं, चुंबकाचं घेतलं. दात्यांचं गुणोत्तर ७.१ ला १, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की चाक सातहून अधिक वेळा फिरतं आणि साधारण पाऊण मीटर दोरा आत येतो. रबरी गांडुळासारखं आमिष काठीनेच हलवायचं असतं आणि मधला सैल दोरा पटकन गोळा करायचा असतो, त्याला हे बरं. पाण्यातून संथ ओढत आणायच्या आमिषाला पाच-साडेपाचचं घ्यावं. काठी सात फुटी, मध्यमहून जड. दोरा साधा नायलॉनचा, बारा पौंडी. तो स्वस्त असतो. गुंता होऊन कापून टाकावा लागला तर जीव हळहळत नाही.

परत येताना लेकीने गाडी पॅरिसवरून घेतली. फ्रान्सचं नव्हे, केंटकीतलंच पॅरिस, लेक्सिंग्टनपासून तीसेक किलोमीटरवर, वाटेत दोन्ही बाजूंना घोड्यांची कुरणं. या गावात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. हँडलच्या एका फेऱ्यात चाकाला अनेक फेरे देणारं तिकडचं पहिलं रीळ त्याने घडवलं असं मानतात. पुढे फ्रँकफर्टचे मीक बंधू आणि मायलम यांनी ते नावारूपाला आणलं. मीक बंधूही घड्याळजीच. त्या रिळांना आजच्यासारखे ब्रेकबिक काही नव्हते. नुसता अंगठा!

जुलैपर्यंत नातवाचा आकडा नऊवरून पाचावर आला. ऑगस्टमध्ये आम्ही हेरिंग्टन तलावावर गेलो. १९२५ साली डिक्स नदीवर धरण बांधून झालेला हा तलाव आहे. काठ उंच, चुनखडीचे. एका पडलेल्या झाडाच्या बुंध्याजवळ त्याने आमिष टाकलं. आवाजसुद्धा झाला नाही, इतकं अलगद. दोन मिनिटांनी काठी वाकली. चौदा इंची लार्जमाउथ होता. हिरवट पाठीचा, अंगावर काळा पट्टा. नातवाने त्याला मापपट्टीवर ठेवला, खालचा ओठ धरून क्षणभर माझ्याकडे केला आणि परत पाण्यात सोडून दिला. तिरफळ घालून केलेलं तिखलं माझ्या डोळ्यांपुढून गेलं ते गेलंच. वहिनी, तुमची शपथ, हा सोडून देण्याचा प्रकार मला अजूनही पटलेला नाही. भुकेसाठी धरलेल्या माशाचा हिशेब मला कळतो, हा नाही कळत. पण लेक काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी नातवाने जावयांचं रीळ गॅरेजमधून आणलं. वही उघडली. चार ठोकळे बंद, दोन चालू. अकरा टिका. लाल रेघ जुळली. बेअरिंगला एकेक थेंब तेल दिलं, दात्यांना किंचित ग्रीस, ठोकळ्यांना काही नाही. (तिथे तेल गेलं तर ब्रेक घासायचाच बंद होतो.) रीळ ठेवून द्यायचं असेल तर हँडलजवळची चांदणी सैल करून ठेवावी, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात, असं त्या मित्रांनी सांगितलं होतं. ती सैल करताना नातू पुन्हा टिका मोजायला लागला. मी पेन दिलं. वहीत 'डॅड'च्या खाली त्याने आणखी एक आकडा लिहिला, आणि त्याच्या शेजारच्या पानावर स्वतःचं नाव घालून पाच.