काटा, ट्यूब आणि आम्ही

इच्छादेवीच्या टेकडीवरून खाली पाहिले म्हणजे केळीच्या बागांचे हिरवे चौकोन डोळ्यांत भरतात. पाहुण्यांना ते दाखविताना आम्हांस अभिमान वाटतो. त्या चौकोनांच्या कडेला जी करडी रेघ दिसते ती बाभळीच्या फांद्यांची, हे मात्र आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. गुरांनी बागेत शिरू नये म्हणून शेतकरी बांधावर काटेरी फांद्या रचतो. त्यांतले काटे वाऱ्याने, गुरांच्या पायांनी, गाडीच्या चाकांनी वाटेवर येतात. पावसाळा सरला की त्यांच्या जोडीला सराटे वाळून तयार होतात. सराट्याची रचना मोठी विलक्षण आहे. तो कसाही पडला तरी त्याचे एक टोक आकाशाकडे रोखलेले असते. अशा या भूमीत आमच्या चिरंजीवांनी आम्हांस सायकल पाठविली!

त्याचे असे झाले. रक्तातील साखरेने मर्यादा ओलांडली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले. गुडघ्यांनी नकार दिला. पुण्यास नोकरीवर असलेल्या चिरंजीवांनी नवी सायकल घेतली होती. जुनी त्यांनी मालमोटारीने आमच्याकडे रवाना केली. जाड टायरांची, आडव्या हॅन्डलची, मडगार्ड नसलेली ती डोंगरी सायकल अंगणात उभी राहिली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “हिच्यावर धोतर चालेल का?” आम्ही धोतर नेसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण असो.

सायकल उत्तम होती, टायर मात्र झिजलेले होते. आम्ही बुऱ्हाणपुरास गेलो, ‘सव्वीस इंची टायर द्या’ म्हणून ऐटीत मागितले आणि जोडी घेऊन परतलो. तो टायर रिमवर बसेना. ओढूनताणून पाहिले तर रिमभोवती सैल फिरू लागला. मग नाकावर चष्मा नीट बसवून आम्ही टायरच्या कडेवरची अक्षरे वाचली. जुन्यावर २६ गुणिले १.९५ असे होते आणि नव्यावर २६ गुणिले १⅜. आम्हांस वाटले, रुंदीचाच काय तो फरक. वस्तुतः दशांशातला सव्वीस निराळा आणि व्यवहारी अपूर्णांकातला सव्वीस निराळा! टायरवर बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. डोंगरी सायकलच्या सव्वीसचा तो ५५९, तर १⅜ वाल्या सव्वीसचा ५९०. ही तफावत एकतीस मिलिमीटरांची. हल्लीच्या साडेसत्तावीस इंची चाकाचा आकडा ५८४ आणि एकोणतीस इंचीचा ६२२. वाचकांपैकी कोणास नातवंडांसाठी टायर घ्यावयाचा झाल्यास त्यांनी इंचांवर विश्वास न ठेवता हा तीन आकडी अंक तेवढा कागदावर उतरवून न्यावा. आयुष्यभर मुलांना अपूर्णांक शिकविणाऱ्या मनुष्यास हे दुकानात कळू नये, याची खंत आम्हांस अद्याप आहे.

या दशांशी सव्वीसची कुळकथा अशी. अमेरिकेत १९३३ साली श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींना जाड, फुगीर टायर दिले. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यातले काही तरुण त्या जुन्यापुराण्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावू लागले. त्यातून डोंगरी सायकल जन्मली आणि चाकाचे तेच माप तिला वारशाने मिळाले.

योग्य मापाचे टायर अखेर मिळाले, तेव्हा नक्षीचा प्रश्न उभा राहिला. मोठ्या, दूर दूर बसविलेल्या गुठळ्यांचा टायर चिखलात पकड धरतो आणि फिरता फिरता चिखल झटकतो. जवळजवळच्या गुठळ्यांत आमची काळी माती अशी भरते की, चाकाचे जाते होते. परंतु मोठ्या गुठळ्यांचा टायर डांबरी रस्त्यावर घुरघुरतो आणि पाय जड करतो. आम्ही मध्यम मार्ग पत्करला. पुढे जरा खडबडीत टायर, कारण वळण आणि तोल त्याच्या हाती. मागे मध्यभागी सलग पट्टा असलेला, कारण भार आणि ओढ त्याच्यावर. या निवडीबद्दल आम्हांस आजवर पश्चात्ताप झालेला नाही. पश्चात्तापाची पाळी आणली ती काट्यांनी.

पहिल्या पंधरवड्यात पाच पंक्चर झाली. चिरंजीवांस दूरध्वनीवर हे कळताच ते म्हणाले, “बाबा, ट्यूब काढून टाका. ट्यूबलेस करा.” आणि त्यांनी आम्हांस जे समजावून सांगितले ते खरोखरच विचार करण्याजोगे होते. ट्यूबलेसमध्ये आऱ्यांची भोके हवा न सोडणाऱ्या चिकटपट्टीने बंद करून टायरच थेट रिमच्या कडेत घट्ट बसवितात. आत रबराच्या चिकासारखा पांढरा पातळ द्रव घालतात. काटा घुसला की हवेबरोबर तो चीक भोकाकडे धावतो आणि तिथेच गोठून बूच होतो. शिवाय ट्यूब असताना हवा कमी ठेवली तर दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते व साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. ट्यूबच नसेल तर ते भय नाही. पस्तीस-चाळीस पौंडांऐवजी पंचवीसवर भागते आणि गुडघ्यांस धक्के कमी बसतात. १९९९ साली फ्रान्समधल्या माव्हिक कंपनीने डोंगरी सायकलींसाठी ही व्यवस्था बाजारात आणली आणि पुढे ती रूढ झाली.

आम्ही हे सर्व चौफुलीवरच्या आमच्या मिस्त्रींना सांगितले. त्यांनी रिमवरून बोट फिरविले. “मास्साब, मोटारसायकलीचं मी रोज करतो. तिची रिम सबंध ओतलेली. या रिमला कडेची खाच नाही, टायर धरणार कुठे? आणि बसवायला एकदम जोराची हवा लागेल, हातपंपानं नाही होणार. वाटेत टायर कापला तर?” हा शेवटचा प्रश्न आम्ही चिरंजीवांस पोचविला. उत्तर आले की, तेवढ्यासाठी पिशवीत एक ट्यूब ठेवावी लागते! उर्वरित अडचणींवर त्यांनी उपाय काढला : “मी नवी चाकंच पाठवतो.” सोबत त्या चिकाची एक बाटली त्यांनी आगाऊ धाडूनही दिली. आम्ही ‘पाहू’ म्हटले. मुलाचा पैसा आपल्यावर खर्च होऊ लागला की बापाच्या तोंडी हा शब्द येतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयाची नाही असे आम्ही बरेच दिवस ठरविले होते.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगी आहे. शेतांपलीकडल्या गावाहून शासनाने दिलेल्या सायकलवर येते. हजेरीपटात तिच्या नावापुढे थंडीच्या दिवसांत वरचेवर ‘गैरहजर’ आणि त्याहून अधिक वेळा ‘उशिरा’ असे शेरे पडले. विचारले की, तिचे एकच उत्तर : “सर, पंक्चर.” एके दिवशी आम्ही भर वर्गात तिला म्हणालो, “काटे तुझीच सायकल बरी निवडतात!” मुले हसली. ती मान खाली घालून उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात व्यायाम म्हणून आम्ही त्याच वाटेने फेरफटका काढला. परतताना मागचे चाक बसले. ठिगळाचे सामान घरी राहिले होते. सायकल ढकलीत शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपून पहिली तासिका निम्मी झाली होती आणि आमच्या नोकरीतला तो पहिला उशीर होता. वर्गाच्या खिडकीतून त्या मुलीने आम्हांस पाहिले. ती हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. मधल्या सुट्टीत तिला बोलावून आम्ही चूक कबूल केली, तेव्हा ती चाचरत म्हणाली की, वडील वैतागले आहेत, परीक्षेपर्यंत पाहू आणि मग बंद करू, असे घरी चालले आहे.

त्या दिवशी बाटली उघडली गेली ती अशी. आपल्या साध्या सायकलींचा वाल पुरता निघतो; तो काढून आम्ही मिस्त्रींकरवी तिच्या दोन्ही ट्यूबांत तो चीक घालविला. शिवाय मिस्त्रींनी मोटारसायकलींच्या टाकाऊ ट्यूबांच्या पट्ट्या कापून तिच्या टायरांना आतून अस्तर दिले. चाक जरा जड झाले. पण वार्षिक परीक्षा होईपर्यंत ती सायकल एकदाच बसली. मग वर्गातल्या आणखी सहा-सातजणींची अस्तरे झाली.

या सुमारास आम्ही टायरांच्या इतिहासात शिरलो. डनलॉपसाहेब मूळचे पशुवैद्य. त्यांनी १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर केला तो आपल्या लहान मुलाच्या तिचाकीसाठी. टॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ सालीच तसले पेटंट घेतले होते, पण ती कल्पना विस्मरणात गेली होती. डनलॉपचा टायर मात्र रिमला चिकटविलेला असे आणि एका पंक्चरला तासन्‌तास जात. मिशलॅं बंधूंनी १८९१ साली सुटा होणारा टायर काढला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत तेरों याने तो टायर घालून जिंकली. पंक्चर किती चटकन निघते हे लोकांना पटावे म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शर्यतीत मिशलॅंने रस्त्यावर मुद्दाम खिळे पसरविले, असे सांगतात. आमच्याकडे हे काम बाभळी विनामूल्य करतात.

दिवाळीत चिरंजीव आपल्या नव्या ट्यूबलेस सायकलसह आले. आम्ही बापलेक त्या वाटेने निघालो. निष्पक्षपणे नमूद करतो : त्यांच्या टायरांत सात काटे निघाले, प्रत्येक ठिकाणी पांढरा थेंब उमटला आणि चाक चालतच राहिले. आमचे पुढचे चाक, ज्याला अस्तर देण्याचा आळस केला होता, ते नाल्यापाशीच बसले. चिरंजीव काही बोलले नाहीत. आम्ही टायर उलटला, ट्यूब नाल्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, काचकागदाने घासले, सोल्यूशन लावून सुकू दिले, ठिगळ दाबले. ते बारकाईने पाहत होते. सिंहगडाच्या रस्त्यावर एवढे फिरलेल्या या मुलाने ठिगळ कधी लावलेच नव्हते, हे आमच्या तेव्हा लक्षात आले.

“आता तरी चाकं पाठवू ना, बाबा?”

“चाके नकोत. त्या चिकाच्या बाटल्या पाठव. नववी-दहावीच्या मिळून तेवीस सायकली आहेत.”

त्यांनी मनाशी हिशेब केला. “पाठवतो. पण आपल्या उन्हात तो काही महिन्यांत वाळतो हं. आत्ता भरलात तर परीक्षेआधी पुन्हा घालावा लागेल.”

घरी येताच आम्ही दैनंदिनीत फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ‘सायकली, चीक, मिस्त्री’ अशी नोंद केली आणि पुढच्या चाकाचे अस्तर कापावयास बसलो.