एका कँटीनची मोजदाद

एक खोली. पुढे काउंटर, मागे स्वयंपाकाची जागा, अलीकडे टेबलं-खुर्च्या. मँचेस्टरमधल्या एका कारखान्याचं हे कँटीन. कारखाना काल्पनिक, नाव एचडब्ल्यूडी कंपोनंट्स. मालिकेचं नाव 'डिनरलेडीज'. इंग्रजीत ते लहान अक्षरानं सुरू होतं. देवनागरीत हा संकोच दाखवायची सोय नाही.

बीबीसी वनवर पहिला भाग १२ नोव्हेंबर १९९८ रोजी लागला, शेवटचा २७ जानेवारी २००० रोजी. दोन्ही दिवस गुरुवार. पहिल्या पर्वात सहा भाग, दुसऱ्या पर्वात दहा. एकूण सोळा. सगळं लेखन व्हिक्टोरिया वुड यांचं. ब्रेन ही मुख्य भूमिकाही त्यांचीच.

गोष्ट त्या खोलीबाहेर जात नाही. कारखान्यातलं यंत्र दिसत नाही. माणसं आत येतात, टोस्ट मागतात, काहीतरी बोलतात, कामावर परत जातात. बाया भांडी पुसत राहतात.

डिनर म्हणजे उत्तर इंग्लंडमध्ये दुपारचं जेवण. संध्याकाळच्या खाण्याला तिथे 'टी' म्हणतात; चहा असो वा नसो. दुपारचं वाढणाऱ्या त्या डिनरलेडीज. शब्द मुळात शाळांतला. नोकरीच्या जाहिरातीत आता 'केटरिंग असिस्टंट' असं छापतात. दुपारचं लंच होत चाललं आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४० साली, ब्रिटनमध्ये कारखान्यांतल्या कँटीनबद्दल एक आदेश निघाला. कामगारमंत्री होते अर्नेस्ट बेव्हिन. युद्धाचं काम करणाऱ्या ज्या कारखान्यात अडीचशेहून जास्त माणसं असतील, तिथे कँटीन काढायला लावण्याचा अधिकार सरकारनं घेतला. हाच आकडा आठ वर्षांनी भारताच्या कारखाने अधिनियमात दिसतो: १९४८चा कायदा, कलम ४६, अडीचशेहून जास्त कामगार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली, पिंपरी-चिंचवडची कँटीनं या कलमाखाली उभी राहिली. २०२०च्या कामगार संहितेत आकडा शंभरावर आला. मोजताना ठेकेदाराची माणसंही धरायची, असं त्यात आता लिहावं लागलं.

युद्धात ब्रिटनमध्ये गावोगाव सरकारी खानावळीही निघाल्या. आधीचं नाव 'सामुदायिक भोजन केंद्र' अशा अर्थाचं होतं. चर्चिलना ते आवडलं नाही. त्यांनी 'ब्रिटिश रेस्टॉरंट' हे नाव दिलं. जेवण नऊ पेन्सच्या आत. १९४३मध्ये अशा खानावळी दोन हजारांहून जास्त होत्या. युद्धानंतर एकेक बंद झाली.

ट्रॅफर्ड पार्क ही मँचेस्टरची औद्योगिक वसाहत १८९६ साली सुरू झाली. १९४५मध्ये तिथे सुमारे ७५ हजार माणसं कामाला होती. सर्वांत मोठा कारखाना मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचा. लोक त्याला मेट्रोव्हिक म्हणत. ते नाव १९६०मध्ये पाटीवरून उतरलं. १० सप्टेंबर १९९८ रोजी या वसाहतीच्या कडेला ट्रॅफर्ड सेंटर हा मॉल उघडला. त्यातला खाण्याचा भाग जुन्या आगबोटीच्या डेकसारखा सजवलेला आहे. 'डिनरलेडीज'चा पहिला भाग त्यानंतर दोन महिन्यांनी लागला.

अनिता ही कँटीनमधली तरुण मुलगी. भूमिका शोभना गुलाटी यांची. त्यांचा जन्म ओल्डहॅमचा, आईवडील भारतातून आलेले. ओल्डहॅम सुताचं गाव. तिथल्या प्लॅट ब्रदर्सची सूत कातायची यंत्रं बोटीनं मुंबईला येत, गिरणगावात लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणगावात संप सुरू झाला. नंतर बरीचशी यंत्रं भंगारात गेली. ओल्डहॅमची शेवटची सूतगिरणी, एल्क मिल, १९९८मध्ये बंद पडली. पुढच्या वर्षी पाडली. त्या जागी दुकानं आहेत. दुकानांच्या आवाराला नाव एल्क मिलचंच आहे.

पगाराचं पाकीट. अंगमेहनतीच्या कामगाराला मजुरी नाण्यांत आणि नोटांतच मिळावी, असे जुने कायदे ब्रिटनमध्ये होते. १९८६च्या कायद्यानं ते रद्द केले. शुक्रवारचं खाकी पाकीट बँकेच्या खात्यात गेलं.

सगळ्या देशाला लागू असं किमान वेतन ब्रिटनमध्ये आधी नव्हतं. १ एप्रिल १९९९ला सुरू झालं. प्रौढांसाठी तासाला ३ पौंड ६० पेन्स. पहिलं पर्व संपलं तेव्हा हा नियम लागू नव्हता. दुसरं सुरू झालं तेव्हा होता. काउंटरमागच्या बाया त्याच.

कँटीनमध्ये अधूनमधून फिलिपा येते. सेलिया इम्री यांची भूमिका. फिलिपा दक्षिणेकडची, चांगल्या मनाची, नको तिथे मदत करणारी. तिच्या खात्याला पूर्वी 'पर्सोनेल' म्हणत. मालिकेत ते 'ह्यूमन रिसोर्सेस' झालं आहे.

पाववाला रोज येतो. त्याला मोकळ्या जागेची भीती वाटते. दारोदार पाव टाकणाऱ्याला मोकळ्या जागेची भीती. वुड यांच्या विनोदाची ही जात. तो आजारी पडला की दुसरा येतो. पाव मात्र येतोच.

स्टॅन हा कारखान्याचा दुरुस्तीवाला. गळणारा नळ, बिघडलेला टोस्टर, उडालेला फ्यूज, काही झालं की तो हजर. त्याची मतंही हजर. डंकन प्रेस्टन यांची भूमिका. कारखान्याच्या पटावर असा एक माणूस पूर्वी असायचाच. आता बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपनीला फोन करतात. तिकडून तक्रारीचा नंबर मिळतो.

डॉली आणि जीन. दोघी उतारवयाकडे झुकलेल्या, दिवसभर एकमेकींना टोमणे मारणाऱ्या, एकमेकींशिवाय न करमणाऱ्या. थेल्मा बार्लो आणि ॲन रीड. दोघींनी पूर्वी 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत काम केलेलं. रीड यांचं तिथलं पात्र १९७१मध्ये हेअर ड्रायरच्या शॉकनं मेलं. बार्लो यांचं पात्र त्याच वर्षी आलं आणि १९९७पर्यंत राहिलं. कँटीनमध्ये त्या शेजारी शेजारी उभ्या राहून लोणी लावतात.

टोनी कँटीनचा मॅनेजर. अँड्र्यू डन यांची भूमिका. त्याला कर्करोग आहे. उपचार चालू आहेत. याबद्दल बोलणं होतं ते पावाच्या ऑर्डरी आणि ओल्या फडक्यांच्या मध्ये. मग कोणीतरी काउंटरवर येतं आणि दोन टोस्ट मागतं. बोलणं तिथेच तुटतं. पुन्हा तिथूनच सुरू होईल असं नाही.

ब्रेनला नावं आठवत नाहीत. शब्द जिभेवर येतो, पण शेजारचा येतो. ती त्यालाच धरून पुढे जाते. समोरच्यालाही कळतं. दुकानांची, बिस्किटांची, औषधांची, टीव्हीवरच्या माणसांची नावं या संवादांत ठासून भरलेली आहेत. आज त्यातली बरीचशी तळटीपेशिवाय कळत नाहीत.

कँटीनमधली ट्विंकल उशिरा येते. भूमिका मॅक्सिन पीक यांची. त्या तेव्हा नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या.

पेटुला ही ब्रेनची आई. कॅरव्हॅनमध्ये राहते, थापा मारते, पैसे मागते. भूमिका ज्युली वॉल्टर्स यांची. वॉल्टर्स वुड यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. आईनं लहानपणी सोडून दिलेली मुलगी काउंटरमागून तिला चहा देते. शेवटी पेटुला मरते.

हशा खरा होता. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. एकच भाग शुक्रवारी रात्री एका प्रेक्षकांपुढे, शनिवारी रात्री दुसऱ्या. मधल्या वेळात वुड संवाद पुन्हा लिहायच्या. जिथे हसू आलं नाही ती ओळ जायची. नटांना एका दिवसात नवं पाठ करावं लागे. ९ जुलै २००१ रोजी बीबीसी टूवर 'द ऑफिस' सुरू झाली. तीही कामाच्या जागेचीच गोष्ट, पण तिच्यात प्रेक्षकांचा हशा नव्हता. त्यानंतर बऱ्याच मालिकांतून तो गेला.

सिगारेट. १ जुलै २००७पासून इंग्लंडमधल्या कामाच्या बंद जागेत ओढता येत नाही. कँटीनच्या टेबलांवरची रक्षापात्रं उचलली गेली. ओढणारे दाराबाहेर पावसात उभे राहू लागले.

लंच व्हाउचर. ज्या कचेरीला कँटीन नाही तिथल्या माणसाला कागदी कुपन. १९४६पासून. त्यावर रोज १५ पेन्सपर्यंत करमाफी होती. महागाई वाढली, १५ पेन्स तेवढेच राहिले. २०१३मध्ये माफी काढून टाकली.

आताची जेवायची सुट्टी. एक सँडविच, एक चिप्सचं पाकीट, एक बाटली. तीन वस्तू एका किमतीत. गार, बंद डब्यात, दुकानातल्या फडताळावरून. खाणं संगणकासमोर. वाढणारं कोणी नाही, त्यामुळे आज बरं नाही का, असं विचारणारंही नाही.

गुरुवारची रात्र. टीव्हीवर जे लागायचं ते त्या वेळी बघायचं, नाहीतर व्हिडिओ लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कामावर त्याचंच बोलणं. पहिल्या भागानंतर तीन दिवसांनी, १५ नोव्हेंबर १९९८ला, ऑनडिजिटल ही वाहिन्यांचा गठ्ठा विकणारी सेवा सुरू झाली. ती २००२मध्ये बुडाली. छपरावरच्या अँटेनावर येणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण २०१२पर्यंत सगळ्या देशात बंद झालं.

पाहुणे कलाकार. स्टॅनचे वडील झाले होते एरिक साइक्स. डॉलीची आई थोरा हर्ड. डोरा ब्रायनही येऊन गेल्या. हर्ड २००३मध्ये गेल्या, साइक्स २०१२मध्ये, ब्रायन २०१४मध्ये.

२० एप्रिल २०१६ रोजी व्हिक्टोरिया वुड गेल्या. वय ६२. त्या वाढल्या त्या बरी या गावी, मँचेस्टरजवळ, त्यांचा पुतळा आहे. २०१९च्या मे महिन्यात बसवलेला. ग्रंथालयासमोरच्या बागेत.

तिसरं पर्व झालं नाही. वुड यांनी ते लिहिलंच नाही. सोळा भाग पुरले.

पहिल्या भागाचं नाव 'मंडे'. शेवटच्या भागाचं 'टोस्ट'.