करकंबचा थांबा

पंढरपूरला निघालेल्या माणसाने वाटेत करकंबला उतरावे, असे काही कारण नसते. टेंभुर्णीला सोलापूरचा हमरस्ता सोडला की दोन्ही अंगांना ऊस लागतो. उसामागून करकंब येते, आणि तोवर विठोबाची ओढ इतकी वाढलेली असते की गाव केव्हा मागे पडले ते कळतही नाही. गेल्या वर्षी दिवाळी आटोपून निघालो, तेव्हा आम्हाला मात्र ते चांगलेच कळले.

गाडी आमची पंधरा वर्षांची, टर्बोची डिझेल. आदल्या आठवड्यात एकाएकी तिचा जोर गेला. चढ आला की काळा धूर सोडी. पुण्यातल्या एका कारागिराने निदान केले, ‘टर्बो गेला, नवा घाला.’ त्याने सांगितलेला आकडा ऐकून सौभाग्यवतींनी फराळाची यादी निम्म्यावर आणली होती! पण ऐंशी वर्षांच्या आईला कार्तिकीच्या गर्दीआधी दर्शन हवे होते, म्हणून तशीच गाडी काढली.

करकंबच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली. मी ब्रेक दाबला, तो दगडासारखा! हातभर अंतरावर गाडी थांबली. मागून आई एवढेच म्हणाली, “पांडुरंगा!”

गावातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, “काका, वढ हळूहळू गेली का एकदम? आन् ब्रेक जड झालाय का?”

“एकदम गेली. ब्रेकही जड झालाय.”

“मग टर्बोला कशाला दोष देता? आधी नळ्या बघू.”

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली ज्याचे पेटंट घेतले, तो टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबतो. आमच्या गाडीत त्याची पाती हलवते ती निर्वात पोकळीची ओढ. डिझेल इंजिनात त्यासाठी वेगळा पंप असतो. त्याची जाड नळी ब्रेकला मदत करते, बारीक नळी झडपेतून टर्बोच्या डबीला जाते. एका नळीला चीर पडली की दुसरीचीही ओढ कमी होते, हे मला त्या दिवशी उमगले.

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी मला गाडी सुरू करायला लावून डबीच्या दांडीकडे पाहिले. ती हलली नाही. पंपाच्या तोंडावर बोट धरले; ओढ उत्तम. डबीला हातपंप जोडला. दांडी सरकली, काटाही टिकून राहिला. पंप शाबूत, डबी शाबूत. उरली मधली नळी. तापाने कडक झालेल्या टोकाला केसाएवढी चीर होती.

“टेप गुंडाळू या का?” मी विचारले.

“न्हाई काका, तापानं सुटंल. साधी नळीबी न्हाई चालायची, ओढीनं आतल्या आत चिकटती.”

जाड भिंतीची नळी बसवून त्यांनी ब्रेक पारखला. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबले, ते कडक झाल्यावर पाय तसाच ठेवून किल्ली फिरवली. पेडल किंचित खाली गेले. “आता आजींना बसवा,” ते म्हणाले.

टर्बोच्या किमतीपुढे मजुरी सुपारीएवढी होती. परतताना आम्ही करकंबला मुद्दाम थांबलो. आईने बुक्क्याची पुडी आणि प्रसाद मिस्त्रींच्या हाती ठेवला. आता वाटेत करकंबला उतरायला आम्हाला कारण आहे.