आठ कार्डांचा हिशेब

कारखान्यात माल कमी पडला की सगळ्यांना कळतं. जास्त झाला तर कुणालाच कळत नाही. लाइन थांबली की फोन खणखणतात, मॅनेजर धावत येतो, खास टेम्पो पळवला जातो. प्रेसशॉपने मात्र गरज नसताना तीन दिवसांचे ब्रॅकेट ठोकून ठेवले, तर सुपरवायझरची पाठ थोपटली जाते, कारण त्याचं मशीन बसून राहिलं नाही! माझी सगळी नोकरी पीपीसीत, म्हणजे उत्पादनाची आखणी करणाऱ्या खात्यात झाली. माझं मत विचाराल तर हा दुसरा प्रकारच जास्त महागात पडतो. पैसा अडकतो, जागा अडते, गंज चढतो हे तर आहेच. शिवाय दोष झाकला जातो. पहिल्याच ब्रॅकेटचं भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असेल, तर ते तीन दिवसांनी असेंब्लीत बोल्ट बसेना झाला की उघडकीला येतं. तोवर तसलेच हजारभर तुकडे तयार झालेले असतात.

जपानच्या टोयोटा कंपनीने हे फार लवकर ओळखलं, आणि तेही हात पोळल्यावर. १९५० साली न खपलेल्या गाड्या, बँकांची देणी आणि कामगारांचा संप यांत कंपनी बुडायच्या बेताला आली होती. पुढे ताइची ओनो या तिथल्या इंजिनिअरने अमेरिकी सुपरमार्केटची रीत आपल्या मशीनशॉपमध्ये आणली. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलेल तेवढंच मागून भरायचं. ही सुरुवात १९५३ च्या सुमाराची; अख्ख्या कंपनीत ती रुजायला दहाएक वर्षं गेली. आपल्याकडे जे दोन दिवसांच्या ट्रेनिंगनंतर सोमवारपासून कानबान, म्हणजे हीच रीत कार्डांवर, चालू करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रत्यक्षात चालतं ते असं. समजा, असेंब्ली लाइनला आठ तासांच्या शिफ्टमध्ये ४८० ब्रॅकेट लागतात, म्हणजे तासाला ६०. एका बिनमध्ये, म्हणजे डब्यात, २० बसतात आणि प्रत्येक बिनवर प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड असतं: पार्ट नंबर, बिनमधली संख्या, कुठून आणायचं, कुठे ठेवायचं. लाइनवरच्या माणसाने बिनमधला पहिला तुकडा उचलला की कार्ड काढून पेटीत टाकायचं. ट्रॉलीवाला ठरल्या फेरीला ती कार्डं प्रेसशॉपला नेतो, तिथे तेवढेच ब्रॅकेट बनतात आणि तेच कार्ड लावलेलं भरलेलं बिन परत लाइनवर येतं. या सगळ्या फेऱ्याला दोन तास लागत असतील तर तेवढ्या वेळात १२० ब्रॅकेट खपतात. मशीन बिघडलं, ट्रॉली अडकली यासाठी पाव हिस्सा वर धरा, १५० झाले. भागिले २०, साडेसात. म्हणजे आठ कार्डं. सगळं गणित एवढंच.

आता मेख बघा. आठ कार्डं म्हणजे जास्तीत जास्त १६० ब्रॅकेट. आठही बिनं भरलेली असतील तर प्रेसने थांबायचं, ऑपरेटरने हवं तर झाडू मारायचा, पण कार्डाशिवाय एकही तुकडा ठोकायचा नाही. नियम लहान मुलाला कळेल असा आहे आणि मोडतो तो नेमका इथेच. बसलेला ऑपरेटर आपल्याकडे बघवत नाही.

प्रत्येक मालाला मात्र कार्ड लागत नाही. घरात गॅसची दोन सिलिंडरं असतात, एक संपलं की दुसरं जोडून लगेच नंबर लावतो. नटबोल्ट-वॉशरसाठी ही दोन बिनांची पद्धत पुरते. तिथे कार्डाचे लाड नकोत.

कार्डं हरवतात, हा कुठल्याच पुस्तकात नीट न लिहिलेला विषय. खिशात जातात, बिनाच्या बुडाला चिकटतात. खंडेनवमीच्या पूजेआधी मशीनं धुऊनपुसून काढली की प्रेसखालून तेलाने काळी झालेली दोनचार कार्डं हमखास निघतात. एक कार्ड हरवलं की २० ब्रॅकेट फेऱ्यातून गायब, आणि लाइन का अडखळते ते कळत नाही. म्हणून कार्डांवर अनुक्रमांक हवेत आणि आठवड्यातून एकदा मोजणी हवी. दसरा-दिवाळीच्या हंगामात गाड्यांची मागणी वाढते तेव्हा कार्डं वाढवावी लागतात, आणि हंगाम सरला की काढून घ्यावी लागतात. वाढवायला सगळे हजर असतात. काढून घ्यायला गेलं की प्रत्येकाला अचानक शॉर्टेज आठवतं.

डाय, म्हणजे साचा, बदलायला तीन तास लागणाऱ्या प्रेसवर मात्र वीस-वीस ब्रॅकेट काढणं परवडत नाही. तिथे आधी डायबदलाची वेळ उतरवायची. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने १९६९-७० च्या सुमाराला टोयोटातल्या १००० टनी प्रेसचा डायबदल चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला. कार्डं चालतात ती अशा घामावर.

साठा कमी ठेवण्यात धोका नाही असं कुणी म्हणू नये. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच तिथून यायचा, आणि हाताशी साठा होता तो अगदी थोडा. जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. हा व्हॉल्व्ह कधी न बनवलेल्या कितीतरी पुरवठादारांनी आपली मशीनं त्याला जुंपली, तेव्हा गाडी रुळावर आली. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपसारख्या मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला. पोथीनिष्ठ मंडळींना हे खटकलं असेल. मला ते शहाणपणाचं वाटतं. जो माल मिळायला महिने लागतात त्याचा फेरा दोन तासांच्या हिशेबात बसवता येत नाही.

आमच्याकडचं खरं दुखणं मात्र आगीचं नाही, महिनाअखेरीचं आहे. पहिला पंधरवडा आळसात जातो आणि शेवटच्या आठवड्यात निम्मा महिना बाहेर काढायचा असतो. तासाला ६० हे गृहीत धरून काढलेली आठ कार्डं तासाला १२० च्या ओढीपुढे टिकत नाहीत. मग मोठा कारखाना काय करतो? आपल्या गोदामात कानबान लावतो आणि वेंडरला सांगतो, मागू तेव्हा दोन तासांत द्या. वेंडर बिचारा पुण्याजवळच्या भोसरी-चाकणमधल्या आपल्या शेडमध्ये पंधरा दिवसांचा माल रचून ठेवतो, चालायला वाट उरत नाही, वर बँकेचं व्याजही त्याच्याच माथी. ऑडिटला पाहुणे येतात ते मोठ्या कारखान्याचं रिकामं गोदाम बघून खूश होतात. साठा तेवढाच असतो, त्याने फक्त पत्ता बदललेला असतो.

खरेदी खात्यातल्या मित्रांना म्हणूनच विनंती आहे. वेंडरच्या हातात कार्ड देण्याआधी आपली महिन्याची मागणी रोजच्या सारख्या हिश्श्यांत वाटून बघा, आणि ती निदान तीन महिने पाळून दाखवा. ते जमत नसेल तर कार्डं छापायचा खर्चही करू नका.